गाड्या वाढवण्याआधी सांधा पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रेल्वे उभारण्याच्या संगणकीय खेळांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. या विषयाला वृत्तपत्रात जागा मिळाली याचा आनंद आहेच. मात्र नवख्या खेळाडूंनी जवळजवळची दोन शहरे आधी जोडावीत, प्रवासी गाड्यांपासून सुरुवात करावी आणि पैसा हाती येईल तशा गाड्या वाढवत जाव्यात, या त्यातील सल्ल्याशी मी सहमत नाही. हाच सल्ला इमानेइतबारे पाळून मी माझ्या पहिल्या तीन कंपन्या बुडवल्या, आणि तिन्ही वेळा दिवाळे निघाले तेव्हा माझ्याकडे गाड्यांची कमतरता मुळीच नव्हती. कमतरता होती ती त्या गाड्यांना धावायला मोकळ्या रुळांची.

मी लिहितो आहे ते मुख्यतः 'ओपनटीटीडी' या खेळाच्या अनुभवावरून. ख्रिस सॉयर यांच्या १९९४ सालच्या 'ट्रान्सपोर्ट टायकून'च्या वंशातला हा खेळ २००४ पासून मोफत मिळतो आणि आजही त्यात भर पडत असते. इतर रेल्वे-खेळांत तपशील बदलतात. उदाहरणार्थ, १९९८ च्या 'रेलरोड टायकून २' मध्ये शेअर बाजार आहे आणि उधारीवर शेअर घेण्याची मुभाही आहे. तिथे माणूस बुडतो तो बहुधा या मोहापायी, रुळांपायी नव्हे. पण मार्ग, स्थानक आणि खोळंबा यांचे गणित सगळीकडे साधारण सारखेच असते.

सुरुवात कर्जापासून करतो. नेहमीच्या मांडणीत खेळ १९५० साली सुरू होतो आणि कंपनीच्या हाती एक लाख पाउंड असतात, तेही कर्जाऊ. हे कर्ज तीन लाखांपर्यंत वाढवता येते. कर्जाला भिऊन ते लवकरात लवकर फेडण्याकडे नवख्यांचा कल असतो आणि त्यामुळे त्यांचा पहिला मार्ग आखूड व कमकुवत राहतो. एका चांगल्या मार्गाच्या उत्पन्नापुढे या कर्जाचे व्याज किरकोळ असल्याने पहिल्याच दिवशी सगळे कर्ज उचलावे आणि ते तीन मार्गांत न विखुरता एकाच लांब मार्गात घालावे. दुसरा मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत परतफेडीची घाई करू नये.

हा पहिला मार्ग प्रवाशांचा नसावा, कोळशाचा असावा. भाडे ठरते ते मालाचे प्रमाण, दोन स्थानकांमधील अंतर आणि प्रवासाला लागलेले दिवस यांवरून. कोळशाचे भाडे पहिले १७-१८ दिवस अजिबात घटत नाही व त्यानंतरही संथपणे उतरते. प्रवाशांचे मात्र पहिल्या दिवसापासून घटू लागते. १९५० च्या संथ इंजिनांना लांब पल्ल्याचा कोळसा परवडतो, प्रवासी परवडत नाहीत. खाण आणि वीज केंद्र शेजारी शेजारी पाहून हुरळून जाऊ नये, कारण अंतरच नसेल तर भाडे तरी कशाचे मिळणार?

अंतराबाबत आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. खेळ हे अंतर रुळांच्या लांबीवरून मोजत नाही, आणि सरळ रेषेतही मोजत नाही. नकाशा छोट्या चौरस चौकटींत विभागलेला असतो; त्याच्या दोन्ही दिशांनी किती चौकटी पडतात त्यांची बेरीज खेळ करतो. त्यामुळे डोंगराला वळसा घालून वाढवलेल्या रुळांचा एक पैसाही मिळत नाही, उलट दिवस वाया जातात. चौकटींना कोपऱ्यात छेदत जाणाऱ्या तिरक्या मार्गावर मात्र गाडी प्रत्यक्षात कमी धावते आणि भाडे पूर्ण बेरजेचे मिळते. गंमत अशी की नकाशा कोनातून दाखवलेला असल्यामुळे पडद्यावर अगदी सरळ आडवा किंवा उभा दिसणारा मार्ग हाच चौकटींच्या हिशेबात तिरका असतो. हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

आता गाड्यांच्या संख्येकडे वळतो, कारण लेखातला सर्वांत घातक सल्ला तोच आहे. समजा, एक खाण महिन्याला १२० टन कोळसा काढते आणि आपल्या स्थानकाची पत, म्हणजे खाणीच्या मालातला किती हिस्सा आपल्याला मिळेल हे ठरवणारा गुणांक, ७० टक्के आहे; म्हणजे आपल्या वाट्याला ८४ टन आले. पाच चौकटींच्या फलाटावर एक इंजिन व नऊ वाघिणी मावतात आणि प्रत्येक वाघिणीत २० टन कोळसा बसतो, तेव्हा १८० टनांची ही गाडी भरायला दोन महिन्यांहून थोडा अधिक काळ लागेल. जाऊन-येऊन भरण्यासकट एक फेरी चार महिन्यांची होत असेल, तर या खाणीला दोन गाड्या पुरतात. तिसरी गाडी घेतल्याने कोळसा वाढत नाही. ती स्थानकाबाहेर उभी राहून चालवण्याचा खर्च तेवढा खाते आणि मागून येणाऱ्यांची वाट अडवते. उत्पन्न वाढवायचेच असेल तर स्थानकाची पत वाढवावी. या पतीत सर्वाधिक वजन असते ते शेवटची गाडी माल घेऊन किती दिवसांपूर्वी गेली याला. म्हणून एक गाडी सतत फलाटावर उभी राहून भरत राहील अशी व्यवस्था करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. गाडीचा वेग आणि तिचे वय यांचाही थोडाफार परिणाम होतो.

माझी तिसरी कंपनी बुडाली ती एका सांध्यावर, म्हणजे रुळांचे मार्ग एकमेकांना मिळतात त्या जागेवर. चार खाणींचे मार्ग मी एका दुहेरी मार्गाला जोडले होते आणि तो मार्ग वीज केंद्रापाशी दोन फलाटांत शिरत होता. सांध्याच्या आधी एक सिग्नल होता आणि फलाटांच्या तोंडाशी दुसरा, तो मी केवळ नीटनेटके दिसावे म्हणून बसवला होता. त्या दुसऱ्या सिग्नलपासून सांध्यापर्यंत जेमतेम तीन चौकटी होत्या आणि माझी गाडी पाच चौकटींची. दोन्ही फलाट भरलेले असताना आलेली गाडी पुढच्या सिग्नलपाशी थांबली आणि तिच्या शेवटच्या तीन-चार वाघिणी सांध्यावरच राहिल्या. रिकामी झालेली गाडी बाहेर पडू शकेना, कारण सांधा अडलेला; आणि बाहेरची आत येऊ शकेना, कारण फलाट मोकळा होईना. दोघी एकमेकींची वाट पाहत उभ्या, आणि त्यांच्या मागे अकरा गाड्या. मी त्या वेळी नकाशाच्या दुसऱ्या टोकाला नवा पूल बांधण्यात गुंग होतो! उत्पन्न का थांबले हे कळेपर्यंत कर्जाची मर्यादाही संपली होती. तो सिग्नल नुसता काढून टाकला असता तरी कोंडी झाली नसती.

तेव्हापासून सिग्नल बसवण्यापूर्वी मी एवढेच पाहतो, की गाडी इथे थांबली तर तिची शेवटची वाघीण कुठे येईल. ती सांध्यावर येत असेल तर सिग्नल तिथे नको. सांधे फलाटांच्या अगदी लगत ठेवावेत. मध्ये लांब मोकळा पट्टा सोडला तर प्रत्येक गाडी स्थानकाचे तोंड अधिक वेळ अडवून धरते. स्थानकातून निघताच चढ नसावा, कारण थांबलेली भरली गाडी चढावर वेग घेता घेता सगळ्यांचा वेळ खाते. मार्गात लागोपाठ चढ अटळ असतील तर दोन चढांमध्ये निदान एका गाडीइतकी सपाट जागा सोडावी, म्हणजे गाडी एका वेळी एकच चढ चढेल.

इंजिनांची देखभाल दर १५० दिवसांनी होते हे गृहीत धरून डेपो मार्गालगतच, शक्यतो रिकाम्या परतीच्या बाजूला ठेवावा. एक गाडी बिघडून थांबली की तिच्या मागच्या सगळ्या थांबतात. शहराजवळची झाडे सरसकट तोडू नयेत, नाहीतर तिथली नगरपालिका रुसते आणि स्थानकाला परवानगी नाकारते. अशा वेळी झाडे लावून तिची मर्जी परत मिळवता येते.

प्रवासी गाड्यांना माझा विरोध नाही. वेगवान इंजिने बाजारात आल्यावर दूरची दोन मोठी शहरे जोडली तर त्या उत्तम कमाई करतात. माझा आक्षेप फक्त त्यांनी सुरुवात करण्याला आहे. लेखाचा पुढचा भाग आपण छापणार असाल तर त्यासोबत एखाद्या सांध्याचे चित्र अवश्य द्यावे. सिग्नल कुठे आणि थांबलेल्या गाडीची शेपटी कुठे, हे माझ्या वरच्या परिच्छेदापेक्षा त्यात लवकर दिसेल.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक