पोस्टकार्ड पोचण्याआधी

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना सा. न.

थोड्या दिवसांत घरी एक पोस्टकार्ड येईल. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन दरीच्या तळातून खेचराच्या पाठीवरून आलंय, असा त्यावर शिक्का असेल. ते बाबांच्या हातात पडायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून उद्या सकाळीच कुरिअरला देते. कार्ड पेटीत टाकताना सुचलं नाही. विमानात बसल्यावर लक्षात आलं की पुरावा आपणच घरी पाठवलाय.

फिनिक्सला ऑफिसच्या कामाला गेले होते हे खरं. काम शुक्रवारी संपलं हेही खरं. ‘शनिवार-रविवार मीटिंगा आहेत, फोन लागणार नाही’ हे खोटं. फोन लागणार नव्हता, एवढंच त्यातलं खरं. मी आणि ऑफिसातली मेघना पाठीवर बारा-बारा किलोच्या सॅक घेऊन त्या दरीत उतरलो, नदीकाठी तंबूत झोपलो आणि दुसऱ्या दिवशी चढून वर आलो. तिथे मुक्कामाला परवाना लागतो, आणि त्यासाठी काही महिने आधी सोडतीत नाव घालावं लागतं. म्हणजे तेव्हापासून हे मला माहीत होतं. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढत होते ते ‘वजन कमी करायला’ नव्हे. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढायचे आणि वर मटक्यातलं दही खाऊन सगळं वजन पुन्हा भरून आणायचे.

बाबा, तुम्हाला मजा वाटेल अशी गोष्ट सांगते. आपला गड आधी चढायचा असतो, दम असेपर्यंत. तिथे सगळं उलटं. आधी उतार, आणि पाय थकले की चढ. रेंजर लोक सांगतात, उतरणं ऐच्छिक आहे, वर येणं सक्तीचं. हे वाक्य पुण्यातल्या पाट्या लिहिणाऱ्याचंच असणार असं मेघना म्हणाली.

पहाटे वर इतकी थंडी होती की बोटांना बाटलीचं झाकण उघडेना. साउथ कायबॅब नावाच्या वाटेने उतरलो. अकरा किलोमीटर, आणि मध्ये कुठेही पाणी नाही, सावलीही नावालाच. तासाभरात स्वेटर काढला, दुपारी टोपी भिजवून घातली. समोरून खेचरांची रांग आली की वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला गप्प उभं राहायचं, हाकणारा सांगेल तसं. खालच्या मुक्कामाचं सामान खेचरंच नेतात, आणि परत येताना टपाल. वाट ओल्या लिदीने भरलेली. तुला आवडलं नसतं, आई.

जसजसं खाली जातो तसतसा दगड जुना होत जातो. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. तिथे अगदी वरचा, ज्यावर गाड्या लावतात तो थरच सत्तावीस कोटींचा. आणि तळाला नदीकाठी जो काळाभोर, चकाकणारा खडक आहे तो जवळपास एकशे सत्तर कोटी वर्षांचा. त्याचं नाव काय असेल? विष्णू शिस्ट. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने १८८०च्या दशकात तिथल्या सुळक्यांना देवांची नावं दिली, त्यात विष्णू आणि शिव दोघे आहेत. आई, मी त्या खडकाला हात लावून नमस्कार केला. मेघनाने फोटो काढलाय, पण त्यात माझी सॅकच दिसते.

कोलोरॅडो नदीवर एक झुलता पूल आहे, १९२८ सालचा. त्याचे टनभर वजनाचे लोखंडी दोर हवासुपाई लोकांनी रांगेने खांद्यावर धरून खाली आणले. परतीच्या वाटेवरच्या झऱ्याजवळ हेच लोक पूर्वी शेती करायचे. नॅशनल पार्कवाल्यांनी त्यांना तिथून हलवलं. जागेला त्यांचं नाव मिळायला २०२२ उजाडलं. हे वाचताना मला कोयनेच्या पाण्याखाली गेलेली गावं आठवली. पण ते तुमच्याशी समोरासमोर बोलेन, पत्रात नको.

आता चढाचं. ब्राइट एंजल वाट, पंधरा-सोळा किलोमीटर, उंची तेराशे मीटरच्या वर. म्हणजे कोकणात समुद्रात पाय बुडवून निघायचं आणि थेट सिंहगडाच्या माथ्यावर पोचायचं, एका दिवसात, सॅकसकट. शेवटचे पाच किलोमीटर मला नीट आठवतच नाहीत. आठवतं ते एवढंच की एका वळणावर पोटरीत गोळा आला, मी दगडावर बसले आणि माझ्या तोंडातून बाबांसारखा ‘अगं आई गं’ निघाला. नुसतं पाणी पीत राहिलं की अंगातलं मीठ कमी पडतं, म्हणून खारट खायला सांगतात. मग डबा उघडला. आई, ऑफिसच्या लोकांना म्हणून तू दिलेला दिवाळीचा चिवडा ऑफिसला मिळालाच नाही. तळाशी उरलेलं मीठ-हळद-शेंगदाणे मी बोट ओलं करून चाटून खाल्लं.

अंधार पडता पडता वर पोचलो. गुडघे ठीक आहेत. उजव्या अंगठ्याचं नख उतारावर बुटाला आपटून काळं पडलंय, जांभळासारखं, कडेने सुटायला लागलंय. दुखत नाही. पडेल आणि नवीन येईल. हे मुद्दाम लिहिते, कारण घरी आले की आईचं लक्ष पहिलं तिथेच जाणार.

सांगितलं का नाही, याला उत्तर तुम्हाला माहीत आहे. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. आई न्हाणीत घसरली ते महिन्याने, बोलण्याच्या ओघात. ‘तुला उगाच काळजी’ म्हणालात. मीही तेच म्हणतेय. रात्री तंबूत पडल्यावर नदीचा आवाज एवढा होता की झोप येईना, तेव्हा मनात आलं, आत्ता कराडला काही झालं तर मला कळायला दोन दिवस लागतील, आणि मला काही झालं तर मी कुठे आहे हेसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही. तिन्ही माणसं एकमेकांना काळजी नको म्हणून गप्प. त्याच संध्याकाळी तळावरच्या कँटीनमध्ये ते कार्ड लिहिलं होतं. वर फक्त ‘मी मजेत’ एवढंच आहे.

शनिवारी सकाळच्या एसटीने येते. रागवायचं ते तेव्हा रागवा, फोनवर नको. आणि पुढच्या वर्षी हिमालयात संदकफूला जायचं मनात आहे, सहा-सात दिवस. हे आधी सांगतेय. बाबांना गुडघ्याच्या डॉक्टरांनी कधी बोलावलंय, ती तारीख शनिवारी मला सांगायची. नाही म्हणू नका, काकूंनी सांगितलंय मला.

तुमची,
मनू