क्रीट सहल : निघण्यापूर्वी वाचावे

सर्व सभासदांना नमस्कार.

जूनमध्ये क्रीट या ग्रीक बेटावर निघणाऱ्यांनी हे नीट वाचावे. ऊन आपल्याला नवे नाही, पण तिथे वाऱ्यामुळे घाम लगेच सुकतो आणि अंगातले पाणी कमी झालेले कळत नाही. टोपी, सनस्क्रीन आणि ओआरएसची पाकिटे हवीतच. दुपारी १२ ते ४ सावलीत. क्नोसोस या प्राचीन राजवाड्याचे अवशेष सकाळी लवकर पाहू.

समारिया दरीबद्दल जरा सविस्तर. पायी अंतर सुमारे १६ किमी, जवळपास सगळा उतार. उतार म्हणजे सोपे, असे समजू नका. गुडघे तिथेच बोलू लागतात. वाटेत मोटार पोहोचत नाही, जायबंदी माणसाला खेचरावरून आणतात. शेवटी आगिया रूमेली या किनाऱ्यावरच्या गावाहून बाहेर पडायला बोटच, तीही चुकवून चालत नाही. घट्ट पकडीचे बूट हवेत, चपला घालून आलेल्यांना हॉटेलवरच थांबावे लागेल. गुडघेदुखीवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

समुद्रावर लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचे नाही, पोहता येत असले तरी. खडकांवर सी अर्चिन हे छोटे काटेरी समुद्री जीव असतात, पायात रबरी बूट घाला.

रोजची औषधे हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह. औषधाचे दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखा. बंद असल्यास उघड्या दुकानाचे नाव दारावर लावलेले असते (ग्रीकमध्ये, फोटो काढून हॉटेलात दाखवा). तातडीचा क्रमांक ११२.

वाहने उजवीकडून धावतात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहा. चारचाकी क्वाड बाइक कुणीही भाड्याने घेऊ नये.

विमा पॉलिसीची प्रत शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका.

– सहल समिती