पुठ्ठ्यावरचं पाऊल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेत आपले स्टॉल शेजारी होते. तुमच्याकडे कोल्हापुरी चपला, आमच्या बचत गटाकडे कुळथाचं पीठ, कोकमाचं आगळ, फणसपोळी. तुमचा नंबर लिहिलेला कागद मालाच्या खोक्यांत हरवला, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्या ओळखीचं कुणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं आणि टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ आली. प्रदर्शनासाठीच म्हणून मी मऊ तळाचे बूट घेतले होते. दुकानात पाय घातला तेव्हा गादीवर ठेवल्यासारखा वाटला होता. दिवसभर त्यात उभं राहिलं की तळ चेपायचा आणि टाच आतल्या बाजूला कलायची. गिऱ्हाईक समोर आल्यावर बसून कसं बोलणार?

तुमच्याकडे मी आले ती चप्पल विकत घ्यायला. पैसे हातात होते. तुम्ही आधी टाच कुठे दुखते ते विचारलंत आणि म्हणालात, "ताई, माझी चप्पल चांगलीच हाय, पर ह्या टाचंला आत्ता नको. तळ सपाट, कातडं नवं. पायाला बसंपर्यंत तुमचे हाल हुतील." आलेलं गिऱ्हाईक आपणहून परत पाठवायचं म्हणजे काय, हे स्टॉल लावणाऱ्यालाच कळतं काका. तुमचीही त्या दिवशी फारशी विक्री झाली नव्हती, मी बघत होते.

"सांजच्याला या, पाय फुगल्यावर," म्हणालात. रात्री गर्दी ओसरल्यावर तुम्ही खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर टाकलात, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन मला उभं केलंत आणि पेन्सिल अगदी सरळ धरून पावलांभोवती फिरवलीत. उजवं पाऊल डाव्यापेक्षा दोन सूत मोठं निघालं. इतकी वर्षं मी डाव्याच पायात बूट घालून बघत होते! कातडं कापायच्या रापीने तो आकार कापून हातात दिलात. बुटात हा पुठ्ठा घालायचा, कड दुमडली तर बूट अरुंद. अंगठ्यापुढे बोटभर जागा. बूट चवड्याशी वाकावा, मधोमध वाकला तर ठेवून द्यावा. टाचेमागची बाजू अंगठ्याने दाबून बघायची, ती घट्ट हवी.

तो पुठ्ठा घेऊन मी तीन दुकानं फिरले. दुकानदार बघत राहायचे, पण मी प्रत्येक बुटात तो घालून बघितलाच. पुढे मुंबईला महालक्ष्मी सरस प्रदर्शनात त्या पुठ्ठ्यावरून घेतलेले बूट घालून सगळे दिवस उभी राहिले. दुपारी मोजे बदलायचे आणि पायाखाली पोत्याची घडी ठेवायची, हेही तुमचंच ऐकून. टाच पूर्ण बरी व्हायला काही महिने लागले, पण सकाळची ती कळ गेली.

गटातल्या नऊजणींची पावलं मी आता अशीच पुठ्ठ्यावर काढून ठेवली आहेत. संध्याकाळीच काढली.

यंदा येणार असाल तर कापशी चपलांचा एक जोड माझ्यासाठी बाजूला ठेवा, करकर वाजणारा. घरच्या कार्याला घालायचा आहे. माप उजव्या पायाचं घ्या.

तुमची शेजारीण,
कुळथाच्या पिठाची ताई