लिटमस ओला का करायचा?

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईघाईत विचारलंस, "वायूच्या पात्रात धरायच्या आधी सर लिटमस ओला का करतात?" तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि तू पळालास. प्रश्न मला आवडला, म्हणून निवांत लिहायला बसले. "निळा आम्लात तांबडा, तांबडा आम्लारीत (म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात) निळा" हे घोकून मार्क मिळतात, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर कळलं की घोकायचं कामच उरत नाही.

हायड्रोजन क्लोराइड वायू अगदी कोरडा असेल आणि कागदही कोरडा, तर निळा लिटमस निळाच राहतो. कागदावर पाण्याचा थेंब टाकला की लगेच तांबडा. कारण त्या वायूतला हायड्रोजन आयन सुटा होतो तो पाण्यात. मग लिटमसच्या रंगाचा रेणू त्याला धरतो. हायड्रोजन धरलेला रेणू प्रकाशातला वेगळा भाग शोषतो, म्हणून तांबडा दिसतो. आम्लारी आलं की ते हायड्रोजन काढून घेतं आणि रेणू निळा दिसायला लागतो. अधल्यामधल्या स्थितीत दोन्ही प्रकारचे रेणू असतात, तेव्हा कागद जांभळा.

क्लोरिनचं मात्र वेगळं. ओला निळा लिटमस आधी तांबडा होतो आणि मग पांढराफटक पडतो. तिथे रंगाचा रेणूच मोडतो, त्यामुळे तो पुन्हा निळा होणं नाही. तोंडी परीक्षेला याची तयारी करून जा.

हा रंग मिळतो दगडफुलाच्या जातभाईंपासून. आजी गोड्या मसाल्यात घालते ना, ते करडं-काळपट, कागदासारखं चुरचुरणारं, तेच दगडफूल. बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र बिऱ्हाड असतं ते. पण सुट्टीत आलास की मसाल्याचा डबा उपसशील म्हणून आधीच सांगते, आपलं दगडफूल उकळून लिटमस निघत नाही. त्यासाठी समुद्रकाठच्या खडकांवर वाढणारी रोसेला नावाची जात लागते, आणि तिच्यातही रंग आयता नसतो. अमोनिया आणि हवा यांच्या संगतीत ती बरेच दिवस मुरवावी लागते. जुन्या काळी अमोनियासाठी चक्क मूत्र वापरायचे! हॉलंडमध्ये लिटमसचा हा धंदा जोरात होता. (हे वर्गात सांगशील तेव्हा सरांचा चेहरा बघून सांग.)

लिटमसवर फार विसंबू मात्र नकोस. त्याचा रंग साधारण ४.५ ते ८.३ सामूच्या (pH, म्हणजे आम्ल-आम्लारीपणा मोजायचं माप) दरम्यान बदलतो. लिंबू आणि बॅटरीतलं आम्ल या दोघांनाही तो "तांबडं" एवढंच म्हणणार. किती तीव्र, ते सांगायला सामूची मोजपट्टी लागते. ती १९०९ मध्ये सोरेनसन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काढली. कार्ल्सबर्ग म्हणजे बिअरवालेच, हो.

सोबतच्या पाकिटात पिवळ्या पट्ट्या आहेत. हळद स्पिरिटमध्ये कालवून टिपकागद बुडवले आणि सावलीत वाळवले. हळद आम्लारीत तांबूस होते आणि अंगाचा साबण आम्लारीधर्मी असतो. तो पाण्यात विरघळव आणि त्याचा थेंब पट्टीवर सोड. तांबूस डाग मध्यभागी उठेल, कडेला पिवळं राहील. वरणाचा डाग पडलेल्या तुझ्या पांढऱ्या शर्टाला साबण लावला की तो लाल होतो आणि खळबळून धुतला की पुन्हा पिवळा, तोच हा प्रकार. चुन्याच्या निवळीने रंग जास्त गडद येतो, पण चुना मी पार्सलमधून पाठवणार नाही.

आता एक अडचण. हळद साध्या पाण्यातही पिवळी आणि लिंबातही पिवळीच. मग दोन वाट्यांत रंगहीन द्रव आहेत, एकात पाणी, दुसऱ्यात लिंबाचं गाळलेलं पाणी, आणि चाखायची बंदी. नुसत्या हळदीच्या पट्ट्या आणि साबण एवढ्यावर कोणतं कोणतं, ते कसं ओळखशील? रविवारी फोन करशील तेव्हा सांग. बाबांना अजून जमलेलं नाही.

लाडू मित्रांना दे, एकटाच संपवू नकोस.

तुझी,
आई