माळवदाच्या तुळया विकू नका

संभाजीनगर,
श्रावण

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, लातूरचा लाकूडवाला गोठ्यामागच्या, आपल्या पडक्या घराच्या मातीच्या छताखालच्या तुळया बघून गेला, पोळ्यानंतर उचलतो म्हणतोय. त्या देऊ नका. एवढं मी बोलले आणि मागून आईचा आवाज आला, ‘त्या लाकडाला हात लावू नको म्हणावं तिला.’ त्यावर फोनवर काय बोलणार? म्हणून हे पत्र.

मला त्या तुळयांतून भिंतीवरची घड्याळं करायची आहेत. तिन्ही आत्यांना एकेक. भाऊबीजेला बाबांनी ओवाळणीत घालायची.

बाबा विचारणार, ‘दीड-दोनशेला मोरबीचं घड्याळ मिळतं, तू हे काय करलालीस?’ खरं आहे. मशीन मीही विकतच घेते, काटेही. वेळ दाखवायचं काम माझं नाहीच, ते आतल्या गारगोटीच्या स्फटिकाचं. बाबा, हे तुम्हाला आवडेल: तो स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा निम्मा करत जा, पंधराव्या खेपेला बरोबर १ उरतो. आतली इलेक्ट्रॉनिक चिप हेच करते आणि सेकंदाला एक ठोका काट्याला देते. शाळेत तुम्ही आम्हाला उभं करून तोंडी हिशेब घालायचात, तसं करून बघा. आकडा असा का निवडला ते तिथंच कळतं.

माझं काम लाकडाचं. बांधावरची बाभूळ पाडलीय, तिच्या चकत्या कापून ने, असं तुम्ही सुचवलं होतं. दिसायला छान, पण ओल्या खोडाची चकती वाळताना हमखास तडकते. लाकूड वाळताना वर्तुळांच्या कडेकडेनं जास्त आकसतं आणि कडेपासून गाभ्याच्या दिशेनं कमी, जवळपास निम्मंच. हा ताण निघायला जागा नसते, मग कडेपासून गाभ्यापर्यंत एक चीर जाते. बाभूळ औताला ठेवा, दांड्यांना ठेवा. तुळईचं तसं नाही. ते सागवान घरात आजोबांच्याही आधीपासून वाळलंय, त्याला आकसायचं ते आकसून झालं. बाहेरची पांढरी कड वाळवीनं खाल्लीय, पण ती तासून टाकली की आतल्या गाभ्याला वाळवी शिवलेली नाही.

दिवाळीत आणलेला तो हातभर तुकडा इथल्या सुताराच्या दुकानात कापला. आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधले, नाहीतर करवतीचं पातं गेलंच समजा. वरून चुलीच्या धुरानं काळं ठिक्कर. रंधा दोनदा फिरला आणि गुळाच्या काकवीचा रंग निघाला. सुतारानं हातातलं काम ठेवून वास घेतला. ‘असं सागवान आता वखारीत मिळत नाही,’ म्हणाला, आणि लगेच विकता का ते विचारलं. (त्याला आपल्या गावाचा पत्ता दिलेला नाही.)

फळी इंचभर जाड ठेवायची. मागून पटाशीनं मशीनपुरता साडेपाच-सहा सेंटिमीटरचा चौकोनी खड्डा कोरायचा, म्हणजे काट्याची दांडी पुढं येते. मधोमध आठ मिलिमीटरचं भोक. आकडे मी मराठी कोरते, आणि फक्त चार: १२, ३, ६, ९. बाराही कोरले की लाकूड दिसत नाही. तुळईला जिथं खांबाची खाच होती ती भरायची नाही, तशीच दिसू द्यायची. ते घड्याळ मोठ्या आत्याला.

आता आई, तुझं. पडक्या घराचं लाकूड शुभ नाही, कुणाच्या घरात टांगू नये, असं तुझ्या मनात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी नव्हते, तू होतीस, म्हणून मी जपून बोलते. पण मला जे ठाऊक आहे ते तुझ्याच तोंडून. विसर्जन करून सगळे झोपले होते. चारच्या आधी भुई हलली. दगडमातीची भिंत आत आली, माळवदाची माती खाली आली, आणि आजोबा खांबापाशी होते म्हणून निघाले. खांब आणि वरची तुळई जागेवर उभी होती. किल्लारी, सास्तूरकडची घरं नंतर ज्यांनी तपासली त्यांचंही म्हणणं असंच होतं: माणसं गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि छतावरच्या मातीच्या ओझ्याखाली. लाकडी सांगाडा पुष्कळ घरांत तसाच उभा राहिला. तुळई कुणाच्या अंगावर पडली नाही. तिला अशुभ म्हणायचं असेल तर भिंतीच्या दगडांना काय म्हणायचं? ते तर आपण नव्या जोत्यात घातले.

आणि आत्यांचं. तिघी त्या घरात जन्मल्या. घराच्या वेळी हक्कसोडपत्रावर सह्या करून, साडीचोळी घेऊन निघून गेल्या. बाबा, मला ते बरोबर वाटत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. घड्याळानं त्याची भरपाई होते असं मी म्हणणार नाही. पण घराचा हातभर तुकडा तरी त्यांच्या भिंतीवर असावा, आणि तो भावानं दिलेला असावा.

तेल लावायचं काम घरी येऊन करीन. जवसाचंच लागतं, हवेत ते सुकून घट्ट होतं. शेंगदाण्याचं कधीच सुकत नाही, चिकट राहतं. आई, तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. सुकताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळव.

बाबांसाठीही एक करणार आहे, पण ते पत्र्याखालच्या पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. हा स्फटिक पंचवीस अंशाला नीट चालतो. आपल्या वैशाखात बेचाळीसला गेला की दिवसाला सेकंदभर मागं पडायला लागतो. महिन्यानं तुम्ही एचएमटीला किल्ली देताना दोन्ही जुळवून बघाल आणि मला फोन कराल.

अख्खी तुळई एसटीत चढणार नाही. गावातच तीन-तीन फुटांचे तुकडे करून घ्या, पण खाचेवर करवत चालवू देऊ नका. खांबावर तुळई पेलणारे नक्षीचे दोन हस्त आहेत ते अजिबात कापायचे नाहीत. लाकूडवाल्याकडून इसार घेतला असेल तर परत करा, तेवढे पैसे मी पाठवते.

तुमची,
मोठी