दापोडीच्या बाकड्यावरून ऐकलेला पिनियन

ती. स्व. अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही लगेच "तिकडे थंडी किती?" विचारता. म्हणून चारचौघांत लिहितोय. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

गाडी तुम्हाला पाठ झालीय, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. माझी माझ्दा एमएक्स-५, १९९२ ची, १६०० सीसी, दोन माणसांपुरती, उघड्या छताची. दिवे लावले की बॉनेटमधून डोळे वर येतात. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. इथे कॉव्हेंट्रीत ती जुनी घेतली तेव्हा फोटो बघून तुम्ही म्हणालात, "म्हणजे आपल्या एस्टीसारखीच की! फक्त पॅसेंजर कमी." तुमची उभी नोकरी एस्टीच्या दापोडी वर्कशॉपात गिअरबॉक्स आणि डिफ्रन्शियल (मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी) खोलण्यात गेली. मला मात्र तो तेव्हा नुसता विनोद वाटला.

मार्चमध्ये आवाज सुरू झाला. ताशी पन्नासच्या पुढे मागून कुठूनतरी घूंऽऽ. ऐंशीला पोचलो की छत लावूनही शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. शिवाय ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून पुन्हा दिला की खालून एक 'टक्'. इथल्या एका गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सांगून टाकलं : गिअरबॉक्स गेलाय, बदला. त्या पैशांत मी पुण्याला दोनदा जाऊन आलो असतो.

तुम्हाला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला, तर तुम्ही गाडीबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. म्हणालात, "आवाज पत्र्यावरून पळतो रे, कुठून येतो ते कानाला कळत नाही. तो कधी येतो, कधी जातो ते सांग."

मग तीन रविवार तुम्ही मला कामाला लावलंत. सकाळी आठला, रिकाम्या औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यावर, फोन डिकीत रेकॉर्डिंगवर ठेवून. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत डांबरावर आलो तरी घूं तेच, म्हणजे टायर सुटला. साठच्या वेगात गाडी न्यूट्रल करून इंजिन रेस केलं, मंद केलं, तरी त्याला ढिम्म फरक नाही, म्हणजे इंजिन आणि क्लचही सुटले. (माझा स्पीडोमीटर मैलांत, तुमचा हुकूम किलोमीटरमध्ये. ते गणित चालवता चालवता करणं हा वेगळाच छळ होता.) मग त्याच वेगात तिसरा, चौथा, पाचवा. इंजिनाचा सूर बदलत गेला, घूंचा नाही. तुम्ही फोनवरच हसलात : "चौथ्यात ओढ सरळ आरपार जाते, काउंटर शाफ्टच्या, म्हणजे बाजूच्या दांड्याच्या, दातांवर भारच नसतो. तरी आवाज तस्साच! त्या गिअरबॉक्सला का छळतोय तो बाबा?"

राहिली चाकांची बेअरिंगं. डावीकडे वळवलं की वजन उजव्या चाकांवर येतं, उजवीकडे वळवलं की डाव्या. बेअरिंग खराब असेल तर एका बाजूला आवाज वाढायला हवा. मी नागमोडी चालवून पाहिलं. काही नाही. पण पाय काढून गाडी नुसती ओसरू दिली की घूं दुप्पट, आणि पाय दिला की दबायचं. हे सांगितल्यावर तुम्ही थोडा वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "ओढ असताना पिनियन एकीकडे दाबला जातो, पाय काढला की दुसरीकडे. तो हलतोय. दात बोलतायत." (पिनियन म्हणजे डिफ्रन्शियलमधलं छोटं दातेरी चाक, ते क्राऊन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवतं.)

मी इंजिनिअर, तेव्हा मला खात्री करून घ्यायची खाज. माझ्या टायरचा घेर सुमारे १.८ मीटर, म्हणजे ताशी साठला चाक सेकंदाला नऊ फेऱ्यांहून थोडं जास्त फिरतं. चाकांबरोबर फिरणाऱ्या क्राऊनला ४३ दात, पिनियनला १०. सेकंदाला चारशेच्या जरा आत दात एकमेकांना भेटणार. फोनवरच्या ॲपने रेकॉर्डिंगमधला सर्वांत उंच सुळका बरोबर तिथेच दाखवला, आणि वेग निम्मा केला तर निम्म्यावर. मोठ्या उत्साहाने तुम्हाला कळवलं. तुमचं उत्तर : "बरं झालं, मशीनलाही पटलं."

पण मला खरं थक्क केलं ते तुमच्या पुढच्या प्रश्नाने. "पिनियनचं ऑइल सील कधी बदललंय का?" मला काय माहीत! ग्लव्ह बॉक्समध्ये आधीच्या मालकाची बिलं होती. त्यांत एक सापडलं : गळतीमुळे सील बदललं, मी गाडी घ्यायच्या चार महिने आधी. सीलसाठी पिनियनचा नट सोडावा लागतो. आतल्या दोन बेअरिंगांमध्ये एक नळी असते, ती एकदाच चेपते. नट सोडला की नवी घालायची आणि पिनियन हाताने फिरवून तो किती जड जातोय ते बघत थोडं थोडं आवळायचं. बिलात फक्त सील होतं, नळी नव्हती. बहुधा जुन्याच नळीवर हवेच्या गनने नट ठोकला असणार.

शनिवारी गाडी स्टँडवर चढवली, पिनियनच्या टोकाची चकती, म्हणजे फ्लँज, धरून हलवला तर पिनियन खुळखुळला. तेल काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लेप असतोच, पण इथे मिठाईवरच्या वर्खासारखे चकचकीत तुकडे होते. भंगारवाल्याकडून अख्खा जुना डिफ्रन्शियल आणून बसवला, गिअरबॉक्ससाठी सांगितलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्शात. तेल लिटरभरही लागलं नाही, हे ऐकून मात्र तुम्ही खट्टू झालात. "एवढुश्या तेलात काय होतंय?"

एक जागा तुमची चुकली, ती लिहितोच. 'टक्' म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागे ओढ नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, असं तुम्ही छातीठोक सांगितलं होतं. क्रॉस ठणठणीत निघाला. एस्टीचा मागचा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर असतो आणि अख्खा हलतो. माझ्या गाडीत डिफ्रन्शियल चाकांबरोबर हलत नाही, रबरी बुशांत अडकवलेला असतो आणि ॲल्युमिनियमच्या लांब बीमने गिअरबॉक्सला जोडलेला. त्यातलं एक बुश फाटलं होतं. हे सांगितल्यावर तुम्ही तासाभराने स्वतःहून फोन केलात आणि त्या बीमचं चित्र मागितलंत. ते पाठवलं, पण फोटोत नीट कळत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

डिसेंबरमध्ये येतोय. बीम आणता येणार नाही, पण जुना पिनियन आणि त्याची दोन्ही बेअरिंगं घासून पुसून कपड्यांत गुंडाळून ठेवलीत. सामान तपासणारे विचारतील तेव्हा काय सांगायचं, तेवढं काकूंना विचारून ठेवा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा