ज्वारी वाढली

प्रिय गड्या,

तुझं पत्र परवा मिळालं. चारच ओळी, आणि त्यातली एक, ‘दुकान बंद केलं.’ दोन दिवस झाले, ती ओळ डोक्यातून जात नाही. दुकान गेल्याचं वाईट वाटतंच, पण मला आठवले ते तुझे बाबा. रात्री एकेक फळी खाचेत बसवताना ते म्हणायचे, ‘चला, दुकान वाढवू आता.’ एकदा तू ‘बंद करू का?’ म्हणालास तर त्यांनी तुझा कान धरला होता. मी तेलाची बाटली घेऊन समोरच उभा होतो.

आमच्या घरी तर आजीचा पहाराच होता. ‘संपलं’ हा शब्द तिच्या राज्यात चालत नसे. पीठ वाढलं, तेल वाढलं, हातातली बांगडी वाढली. ‘संपलं नाई म्हनू बाप्पा, वाढलं म्हना. वाढलं म्हटलं का लक्षुमी परतून येते.’ बाहेर पडताना ‘जातो’ म्हटलं तर उंबऱ्यापासून परत बोलावून ‘येतो’ म्हणवून घ्यायची. अंधार पडल्यावर साप म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं. कोणाला चावला तर ‘पान लागलं’. देवीचे व्रण असलेल्या माणसाबद्दल बोलताना ती आधी हात जोडायची, मग सांगायची की त्याच्या अंगात बाया आल्या होत्या. तुझ्याही घरी हेच होतं, म्हणून सगळं मांडत बसत नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहून गेली आहे. मी सात-आठ वर्षांचा असेन. कापसाचे पैसे हातात आले नव्हते. आजीनं कोठीत हात घातला, नखं तळाला लागल्याचा खरखर आवाज आला आणि ती थांबली. तळाशी मूठभर दाणे तसेच ठेवले. कोठीचा तळ कधी खरवडायचा नाही, हा तिचा नियम होता. मग माझ्या हातात पिशवी देऊन म्हणाली, ‘दुकानात जाय, न सांग, आजीनं सांगतलं, ज्वारी वाढली म्हना.’ मी धावतच तुमच्याकडे आलो आणि भर गिऱ्हाइकांत आनंदानं ओरडलो, ‘आमची ज्वारी वाढली!’ मला वाटलं, वाढली म्हणजे खूप झाली. कोणी हसलं नाही. तुझ्या बाबांनी पायली भरली, वरून हात फिरवून सपाट केली, मग वर आणखी दोन ओंजळी टाकल्या. वही उघडली नाही. ‘आजीले म्हना, वाढू दे,’ एवढंच बोलले.

आम्हाला मागायला लागलं नाही आणि त्यांना ‘देतो’ म्हणावं लागलं नाही. एका शब्दात दोन्ही घरांची अब्रू राहिली. मला हे समजायला तीस वर्षं लागली. तोवर तुझे बाबा नव्हते, म्हणून आज तुला सांगतोय.

आता दुसरा नियम. तो माझ्या बाबांचा होता. घरात आपलं वऱ्हाडी मले-तुले चालणार नाही, मला-तुला म्हणायचं. ‘मले भाकर वाढ’ म्हटलं की बाबांचा हात ताटातच थांबायचा. ‘मला’ म्हणेपर्यंत आई वाढायची नाही. डोया नाही, डोळा. शाया नाही, शाळा. आजी खाली मान घालून जेवायची. ती तर आपल्याकडच्या सगळ्या बायांसारखी ‘मी येतो’, ‘मी करतो’ म्हणायची, आणि बाबा तिलाही सुधारायला बघायचे. ते मला तेव्हाही आवडत नसे. बाबांचं चुकलं, असं आज मला मनापासून वाटतं. तरुणपणी एका कचेरीत मुलाखतीला गेले होते, तिथं त्यांच्या ‘मले’वर चार माणसं हसली होती. हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. आपल्या पोरावर कोणी हसू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण त्यापायी माझी जीभ अशी वळली, की आजी शेवटच्या दिवसांत अंथरुणावर असताना मी तिच्याशी पुस्तकातलं मराठी बोलत होतो. ‘तुला काही हवं आहे का?’ ती माझ्याकडे पाहुण्याकडे पाहावं तशी पाहत राहिली.

आजोबांच्या नावात गुलाब होता, म्हणून आजीनं जन्मभर गुलाबाला ‘काट्याचं फूल’ म्हटलं. १९८१ च्या जनगणनेला मास्तर ओसरीवर येऊन बसले, नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिनं मला पुढं ढकललं. ‘सांग ना रे बाप्पा.’ मी सांगितलं आणि ती पदराआड हसली. तिला तसं लाजताना मी तेवढंच पाहिलं. नवऱ्याचं नाव न घेण्याची ही रीत पुन्हा यावी असं मी म्हणणार नाही. पण ते हसू मला अजून दिसतं.

मोर्शी तालुक्यातलं ऋद्धपूर आपल्याला किती जवळ! सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी तिथंच मराठीत लिहून काढल्या. त्याच पंथाच्या नागदेवाचार्यांनी आपले शिष्य केशवदेवांना संस्कृतात लिहू नका म्हणून अडवलं, कारण काय, तर आपल्या म्हाताऱ्या त्याला मुकतील. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. म्हाताऱ्यांना समजावं म्हणून एवढ्या मोठ्या माणसानं भाषा निवडली, आणि आमच्या घरात म्हातारीलाच गप्प बसवलं.

तुझी माय अजून बोलती आहे. तिच्याजवळ बस, तिचे शब्द वहीत उतरवून घे. वावरातले, चुलीपुढचे, दिवेलागणीचे. दुकानातली उधारीची कोरी वही पडली असेल, तीच घे. पोळ्याला मी गावी येईन तेव्हा आपण दोघं वाचू. मायसमोर मी ‘मले’ म्हणायचा प्रयत्न करीन. ती चुका काढेल, काढू दे.

आणि गड्या, घरच्यांना आणि गिऱ्हाइकांना सांगशील तेव्हा ‘दुकान बंद केलं’ म्हणू नकोस. ‘वाढवलं’ म्हण.

येतो.

तुझाच,
तेलाची बाटलीवाला